चांगल्या टोकापासून

घरटं माझ्या तळहातात मावेल एवढं होतं. घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं, रानात माजणाऱ्या त्या परदेशी तणाचं झुडूप बुंध्याशी तोडून, काटे चुकवत, ओढत आणून मी ढिगावर टाकलं, तेव्हा ते फांद्यांच्या बेचक्यात तसंच अडकून आलं होतं. गवताच्या काड्या, बारीक मुळं, कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि त्यातच विणून घेतलेला निळ्या प्लॅस्टिकच्या सुतळीचा एक तुकडा. आत दोन अंडी. एक फुटलेलं, एक शाबूत, फिकट गुलाबी, वर विटकरी शिंतोडे. बुलबुलांची जोडी शेजारच्या झाडावर ओरडत होती. ती मघापासूनच ओरडत होती, हे मला तेव्हा आठवलं. पक्षी किती छान बोलतायत, असं समजून मी आपला कोयता चालवत होतो.

त्या दिवशी ओढ्याकाठचा हिरवा पट्टा राखणाऱ्या आमच्या स्वयंसेवी गटातल्या पंधराएक जणांनी मिळून दीड गुंठा घाणेरी साफ केली होती. सकाळी जिथे शिरायला वाव नव्हता तिथे दुपारपर्यंत उताराची माती लख्ख उघडी पडली होती. कुणीतरी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून गटावर टाकलाही. खाली टाळ्या, अंगठे, फुलं. मीही अंगठा दिला होता.

बाई उशिरा आल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या; आमच्यात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. त्यांनी ढीग पाहिला, उघडा उतार पाहिला, माझ्या हातातलं घरटं पाहिलं. तोवर त्या मला "अहो, तुम्ही" म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "अरे, काय केलंस हे!" त्यानंतर त्या पुन्हा कधी 'अहो'वर गेल्या नाहीत. मी गटात खऱ्या अर्थाने दाखल झालो तो असा, बोलणी खाऊन.

खरं तर मी तिथे गेलो होतो झाडं लावायला. बहुतेक सगळे त्यासाठीच येतात. खड्डा, रोप, पाण्याची बादली, फोटो. तासाभरात पुण्य पदरात. लावलेल्या रोपाला आळं करणं, त्याच्याभोवती पालापाचोळा घालणं, त्याला गिळायला निघालेला वेल दर पंधरा दिवसांनी सोडवणं, या कामांना गर्दी होत नाही. पहिल्या वर्षी आम्ही साठ रोपं लावली असतील. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मोजली तर एकोणीस उरली होती. आणि गंमत म्हणजे, जे कुणी लावलेलंच नव्हतं ते त्याच उन्हात मजेत उभं होतं.

आमचा हिरवा पट्टा म्हणजे ओढ्याकाठची दोनेक किलोमीटरची पायवाट आणि तिच्या दोन्ही अंगांना राखलेली झाडी. पायवाट धरून रुंदी जेमतेम वीस मीटर. एका टोकाला ओढा वळतो तिथे जुनी, दाट झाडी आहे; दुसऱ्या टोकाला माळ, आणि मधे जे काही आहे ते आमच्या रविवारांचं काम. असा पट्टा सांभाळायला जड का जातो, हे मला बाईंनी कागदावर काढून दाखवलं. चार हेक्टरचा चौकोन घ्या, दोनशे मीटर बाय दोनशे. त्याची कड भरते आठशे मीटर. आता तेवढंच क्षेत्र वीस मीटर रुंद आणि दोन हजार मीटर लांब ओढा. कड झाली चार हजार चाळीस मीटर. जमीन तेवढीच, कड पाचपट. आणि जे काही आत घुसतं ते कडेवरून घुसतं: ऊन, वारा, धूळ, तणाचं बी, चिप्सचं पाकीट, रात्री गाडी थांबवून टाकलेला राडारोडा. चौकोनी जंगलाला निदान एक पोट असतं, जिथवर हे सगळं पोचत नाही. पट्ट्याला पोटच नसतं. तो नुसता कडच असतो.

मग असा पट्टा राखायचाच कशाला? तर जोडण्यासाठी. तुकडे एकमेकांना जोडले की माणूसही चालत जातो आणि मुंगूसही. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या बागा आखणाऱ्या अमेरिकन माणसाने बोस्टन शहरात १८७८पासून पुढे बागा आणि पाणथळी अशाच एका माळेत ओवल्या; त्या माळेचं नावच 'एमराल्ड नेकलेस', पाचूचा हार. त्यातला एक भाग तर त्याने मुळात बाग म्हणून नव्हे, तुंबणारं घाण पाणी मार्गी लावण्यासाठी आखला होता. पुराचं पाणी सामावणारी जागा आणि फिरायची जागा एकच असू शकते, हे त्याला कळलं होतं. आमच्या पट्ट्यालाही कुणी बाग म्हणून आखलेलं नाही. पुराच्या भीतीने ओढ्याकाठी बांधकाम झालं नाही म्हणून तो उरला.

तर तो उघडा उतार. मी पहिल्या पावसाची वाट पाहत होतो, रोपं लावायला. पाऊस आला, आणि पहिल्याच तडाख्यात उतारावरची वरची बोटभर माती पायवाटेवर येऊन बसली. दुसऱ्या आठवड्यात हिरवं काही उगवायला लागलं. मी हरखलो. बाईंना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात फक्त दोन शब्द लिहिले: गाजर गवत.

ज्यांनी ते उपटलं नसेल त्यांना सांगतो. पान गाजराच्या पानासारखं कातरलेलं, फूल पांढरं, बारीक, निरुपद्रवी दिसणारं. मूळचं मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचं, आज भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका सगळीकडे. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकू शकतं. फुलावर यायच्या आत उपटायचं, माती ओली असताना, मुळासकट, आणि हातमोजे घालून. हातमोजे ही सूचना मला फाजील वाटली होती. तिसऱ्या दिवशी दोन्ही कोपरांपर्यंत पुरळ उठलं. आठवडाभर मी लांब बाह्यांचे शर्ट घालून कामावर गेलो, आणि कुणी विचारलंच तर निसर्गसेवा चालू आहे म्हणून सांगितलं.

घाणेरी होती तेव्हा हे बी गेलं कुठे होतं? कुठेच नाही, तिथेच होतं. मातीत वाट पाहत. विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २० बाटल्या पुरल्या. बाटलीत ओलसर वाळू आणि निरनिराळ्या जातींच्या पन्नास-पन्नास बिया. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि काय रुजतं ते पाहायचं. बील गेला, त्याच्यानंतरचे गेले, प्रयोग चालूच आहे. २०२१मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया रुजल्या, एकशे चाळीसहून जास्त वर्षांनी. बाटली रात्रीच्या अंधारात उकरतात, कारण क्षणभराचा उजेडही काही बियांना जागं करायला पुरतो. हे वाचलं तेव्हा मला आमचा दीड गुंठा आठवला. आम्ही एका दुपारी तिथल्या सगळ्या बियांवर एकदम उजेड पाडला होता.

बाईंनी मग मला ब्रॅडली बहिणींची गोष्ट सांगितली. जोन आणि आयलीन ब्रॅडली, सिडनीतल्या मॉसमन उपनगरात राहणाऱ्या. जोन रसायनशास्त्र शिकलेली. १९६०च्या दशकात दोघी रोज कुत्र्यांना घेऊन बंदराकाठच्या रानात फिरायला जायच्या आणि जाता-येता तण उपटायच्या. त्यांच्या लक्षात आलं, की रान तणमुक्त करायचं म्हणून जिथे सरसकट सफाई केली जाते तिथे तण अधिकच माजतं, आणि त्या दोघी जिथे इथून थोडं तिथून थोडं उपटतात तिथे मात्र मूळची झाडं हळूहळू परत येतात. त्यातून त्यांनी तीन नियम बांधले. चांगल्या जागेपासून सुरू करा आणि खराब जागेकडे जा. माती कमीत कमी हलवा, हललाच तर पाचोळा परत होता तसा पसरा. आणि रान ज्या वेगाने भरून येतं त्या वेगाने पुढे सरका, आपल्या वेगाने नव्हे.

पहिला नियम माझ्या अजिबात पचनी पडेना. जिथे सगळ्यात जास्त घाण आहे तिथे आधी हात घालायचा, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं असतं. घर आवरायला काढलं तर माणूस माळ्यापासून सुरुवात करतो. इथे बाई सांगत होत्या, की ओढ्याच्या वळणावरच्या त्या जुन्या, दाट झाडीत जा, जिथे सगळं ठीक आहे, आणि तिथली चार चुकार झुडपं काढ. "तिथे काय करायचंय? तिथे तर काहीच झालेलं नाही," मी म्हणालो. "म्हणूनच," बाई म्हणाल्या. "तिथे माती जागच्या जागी आहे, सावली आहे, बी टाकायला मोठी झाडं आहेत. तू एक घाणेरी काढलीस तर तिची जागा घ्यायला दहा जण टपलेले आहेत. माळाच्या टोकाला तुझ्याशिवाय कोण आहे?"

तर गेली पाच वर्षं आम्ही वळणावरून सुरू करून माळाच्या दिशेने सरकतो आहोत. किती सरकलो? धड दोनशे मीटरसुद्धा नाही. नव्याने आलेले उत्साही लोक हे ऐकून खचतात. मी त्यांना खचू देतो. जे तरीही पुढच्या रविवारी येतात त्यांच्या हातात खुरपं द्यायचं.

कोयत्यानं काम होत नाही हेही त्याच वर्षी शिकलो. घाणेरी बुंध्याशी तोडली की ती त्याच बुंध्यातून चौपट फुटते. तोडणं म्हणजे तिच्यासाठी छाटणी. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी यावर काढलेला उपाय इतका साधा आहे, की पहिल्यांदा हसू येतं. आधी फांद्या थोड्या कमी करून बुंध्याशी पोचायचं. गुडघे टेकायचे. बुंध्याभोवतीचा पाचोळा हाताने बाजूला सारायचा, फेकायचा नाही, कारण तो परत लागणार आहे. मग मातीत बोटं घालून चाचपायचं. खोड संपून मूळ सुरू होतं तो सांधा बोटांना कळतो, किंचित फुगीर असतो. फुटवे येतात ते तिथून. त्याच्या खाली, म्हणजे जमिनीखाली तीन-चार सेंटीमीटरवर, मुख्य मूळ कुदळीच्या एका घावात कापायचं. वरचं झाड उचलून उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे पुन्हा जमीन धरायला नको. खालचं मूळ मातीत राहू द्यायचं. ते कुजतं, आणि तोवर माती धरून ठेवतं. शेवटी पाचोळा परत पसरायचा. पूर्ण वाढलेल्या एका झुडपाला मला वीस मिनिटं लागतात. बाईंना त्यांच्या सत्तराव्या वर्षीही दहा.

उलटी ठेवलेली ती झुडपं महिनाभर तशीच दिसतात, आणि फिरायला येणाऱ्यांना ती फार खुपतात. फिरायला येणाऱ्यांना बरंच काही खुपतं. वाळलेलं झाड उभं का ठेवलंय? पडलेला ओंडका उचलत का नाही? पाला झाडत का नाही? एक गृहस्थ रोज पहाटे स्वतःचा खराटा आणून शंभर मीटर पायवाट झाडायचे आणि पाल्याला काडी लावायचे. निष्ठेने, एक दिवसही खंड न पाडता. त्यांना थांबवणं हे मी आजवर केलेलं सगळ्यात अवघड स्वयंसेवी काम. कारण त्यांचं चुकत काय होतं? स्वच्छता म्हणजे झाडून काढणं, हे त्यांना जसं शिकवलं गेलं तसं मलाही शिकवलं गेलं होतं. भांडून उपयोग नव्हता. शेवटी एकदा त्यांना सोबत घेऊन एका जुन्या ओंडक्याशी बसलो आणि त्याची सुटलेली साल उचलून दाखवली. आत एक गोम, वाळवीचा पदर, बुरशीचे पांढरे धागे, आणि एक पाल आमच्याकडे बघून सरकन आत गेली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भरवस्ती आहे की!" आता खराटा फक्त फरशीच्या शंभर पावलांवर चालतो. काडेपेटी बंद झाली. पाला मात्र ते अजून थोडासा कडेला लोटतातच, तेवढं चालायचं.

कचऱ्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्यावर सगळेच लिहितात. एवढंच सांगतो, की पिशवी भरते ती बाटल्यांनी, पण वेळ खातात ती सिगारेटची थोटकं. ती कापसाची वाटतात, पण असतात प्लॅस्टिकच्या तंतूंची, आणि पाचोळ्यात पाचोळ्याच्या रंगाची होऊन पडून राहतात.

त्यापेक्षा मला पायवाटेबद्दल बोलायला आवडेल, कारण ते काम कुणाला दिसतच नाही. पायवाट बिघडते ती मुख्यतः पायांनी नाही, पाण्याने. पाऊस पडला की पाण्याला उतरायला आयती वाट मिळते. ते पायवाटेतूनच धावतं, मधोमध चर पाडतं, चरीत चिखल साठतो. मग लोक चिखल चुकवायला कडेने चालतात, कडेचं गवत मरतं, पायवाट रुंद होते, पुढच्या वर्षी आणखी पाणी. वीस मीटरच्या पट्ट्यात पायवाट दोन मीटर पसरली तर रानाचा दहावा हिस्सा गेला. उपाय म्हणजे पायवाटेला ओढ्याच्या बाजूला अगदी हलका उतार द्यायचा, दर मीटरला तीन-चार सेंटीमीटर, म्हणजे पाणी आडवं उतरून जातं. आणि जिथे चढ आहे तिथे तिरके दगड रोवून पाण्याला वाटेबाहेर काढायचं. पण दगड रोवायचे कुठे, हे उन्हात कळत नाही. त्यासाठी पाऊस धो धो पडत असताना छत्री घेऊन जावं लागतं आणि पाणी कुठून वळतंय ते उभं राहून पाहावं लागतं. मुसळधार पावसात एकटाच खाली मान घालून उभा असलेला माणूस दिसला तर लोक चौकशी करतात. एका बाईंनी मला विचारलं होतं, "काही हरवलंय का?"

आणि चोरवाटा. तुम्ही कितीही सुरेख वळण काढा, कोपरा कापून जाणारी एक आडवाट महिनाभरात पडतेच. आधी आम्ही तिथे पाटी लावली. पाटीच्या बाजूने लोक गेले. मग तोडलेल्या काटेरी फांद्या टाकल्या. त्या कुणीतरी सौजन्याने उचलून बाजूला ठेवल्या. शेवटी एका ठिकाणी आम्ही हार मानली आणि पायवाटच तिथून वळवली. लोकांचे पाय बरोबर होते. जुनं वळण उगाचच लांब होतं, आणि ते सोडून दिल्यावर दोन पावसाळ्यांत तिथे गवत आलं, मग सशाच्या लेंड्या.

तो दीड गुंठा उतार अजून पुरता सावरलेला नाही. तिथे गाजर गवत उपटणं हे दर पावसाळ्यातलं ठरलेलं काम, फुलावर यायच्या आत तीन फेऱ्या. दरवर्षी थोडं कमी होतं, किंवा मला तसं वाटतं. मोजायला सुरुवात केली ती तिसऱ्या वर्षापासून, त्यामुळे आधीचं सांगायला फक्त तो फोटो आहे, आणि त्यात सगळं फारच स्वच्छ दिसतं. तिथे आम्ही काहीही लावलेलं नाही. वरच्या अंगाला दोन कडुनिंब आलेत आणि एक भोकर, पाखरांनी आणलेले. भोकराला मी काठी रोवून चिंधी बांधली आहे, कारण पहिल्या वर्षी असंच एक रोप मीच तण समजून उपटलं होतं.

उताराच्या कडेला एक घाणेरी मात्र शिल्लक आहे. डोक्याएवढी उंच, पसरलेली, खरं तर या उन्हाळ्यात काढायची ठरलेली. मागच्या महिन्यात कुदळ घेऊन गेलो. शिकल्याप्रमाणे आधी पंधरा मिनिटं लांब बसून पाहिलं. बुलबुल चोचीत अळी घेऊन आत शिरला, रिकाम्या चोचीने बाहेर आला.

आता पेच असा, की पिल्लं उडेपर्यंत थांबायचं तर तोवर फुलांची फळं होणार, फळं काळी झाली की हेच बुलबुल ती खाणार आणि बी पट्टाभर पेरत जाणार. गटात दोन रविवार वाद झाला. बाई बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी पिशवीतून कागद कापायची साधी कात्री काढली आणि माझ्या हातात दिली.

म्हणून दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या झुडपापाशी जातो आणि हाताला येतील तेवढे फुलांचे गुच्छ आणि हिरवी फळं कात्रीने खुडून पिशवीत भरतो. झुडूप तसंच ठेवून, बाहेरच्या फांद्यांवरून आत सरकत. मध्येच मादी येते, तारेवर बसते, शेंडी फुलवते आणि ओरडायला लागते. मग मी दोन पावलं मागे सरतो, थोडा वेळ थांबतो. ती थांबलीच नाही तर राहिलेले गुच्छ तिसऱ्या दिवसावर टाकून घरी जातो.